मेलेल्यांचा रकाना

"सर, खवली जगंनात बघा," दारात चपला काढता काढताच वर्षाराणी म्हणाली. तिच्या मागं एक किडकिडीत मुलगी छातीशी वही धरून उभी होती.

डॉ. मृत्युंजय हत्तरगींनी दोघींना आत बोलावलं. कॉलेजातून निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती, पण महिन्या-दोन महिन्यांतून तिथलं कुणी ना कुणी कसबा बावड्यातल्या त्यांच्या घरी यायचं. वर्षाराणी तर त्यांची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. आता त्यांचीच प्रयोगशाळा तिच्याकडं होती. बरोबरची मुलगी निशिगंधा, कबनूरची. वडील यंत्रमागावर कामाला होते आणि घराण्यात बारावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच.

"हिनं तुमचाच प्रयोग घेतलाय," वर्षाराणी सांगू लागली. "एक्क्याण्णवचा. आता नवी उपकरणं आहेत, तर तोच प्रयोग पुन्हा करायचा आणि माशाच्या पेशींत नेमकं काय बदलतं ते बघायचं. विषय मीच सुचवला. पण पोरगी पहिल्याच पायरीवर अडकलीय."

खवली म्हणजे बोटभर लांबीचा चंदेरी मासा. कोल्हापूरच्या आसपासच्या कुठल्याही ओढ्यात मिळतो. मृत्युंजयनी दाखवून दिलं होतं की पाण्यातला प्राणवायू हळूहळू कमी करत नेला तर खवली चाळीस दिवसांत त्या पाण्याशी जुळवून घेते. तिच्या कल्ल्यांचा पसारा वाढतो, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. परदेशातल्या नियतकालिकात तो निबंध छापून आला होता आणि पुढं दोन पाठ्यपुस्तकांत त्याचा आलेख गेला होता.

"किती मेले?" त्यांनी विचारलं.

निशिगंधानं वही उघडली. "साठ घेतलते सर. नऊ दिवसांत त्रेचाळीस गेले. परत साठ घेतले, चव्वेचाळीस गेले. तिसऱ्यांदा एकेचाळीस." मग वहीतून मान वर न काढता तिनं विचारलं, "तुमच्या निबंधात तर एकबी मेल्याचं न्हाय. आमचं काय चुकतंय, सर?"

मृत्युंजयच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. या पोरीचं काहीच चुकत नव्हतं. दर शंभरात सत्तर-एकाहत्तर, हा आकडा त्यांना चौतीस वर्षांपासून ठाऊक होता.

"पाणी कुठलं वापरता? नळाचं?" ते म्हणाले.

"दोन दिवस उघड्यावर ठेवून वापरतो, सर."

"दोन दिवस पुरत नाहीत. क्लोरीन राहत असणार. चार दिवस ठेवा. आणि मासे आणताना पिशवीतून नका आणू, धक्का बसतो. कॅनमधून आणा."

निशिगंधा प्रत्येक शब्द लिहून घेत होती. 'क्लोरीन' या शब्दाखाली तिनं पट्टी धरून रेघ मारली. त्या रेघेकडं मृत्युंजयना बघवेना. ते उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर कुणी आलंय का बघितल्यासारखं करून पुन्हा येऊन बसले.

दोघी गेल्यावर त्यांच्या पत्नी सुमंगला कप उचलायला आल्या. "तुम्ही चहा घेतलाच नाहीत," त्या म्हणाल्या. "पोरगी गुणाची वाटली मला. जाताना पाया पडून गेली."

"हं," मृत्युंजय म्हणाले.

*

मृत्युंजय मूळचे गडहिंग्लजच्या पलीकडचे, जिथं घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी बोललं जातं. लिंगायत घर, लसूणसुद्धा सोमवारी चालत नसे. थोरल्या पोरानं कॉलेजात मासे चिरायचं शिक्षण घेतलंय हे कळल्यावर आई शांतव्वा दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. मग एकदा तिनं विचारलं, "तू त्येस्नी मारतोस व्हय रे?" त्यानं सांगितलं, "अव्वा, मी ते जगतात कसे हे बघतोय." तिला ते पटलं. गावात ती अभिमानानं सांगायची की आमचा मृत्युंजय मासं जगवायचं शिकतोय.

एक्क्याण्णव साली तो एकतीस वर्षांचा होता. पीएच.डी. रखडली होती. कॉलेजात एक जागा निघणार होती आणि त्याच्या मार्गदर्शकांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं की निबंध छापून आला तरच नाव पुढं करता येईल. दोनशेचाळीस खवली त्यानं सहा टाक्यांत सोडल्या होत्या. नवव्या दिवशी त्यातल्या एकोणसत्तर उरल्या. ज्या उरल्या त्या मात्र छान राहिल्या. चाळिसाव्या दिवशी त्यांचे कल्ले तपासले तेव्हा सूक्ष्मदर्शकाखालचं दृश्य त्यानं पुन्हा पुन्हा बघितलं होतं.

त्यानं मार्गदर्शकांना विचारलं होतं, "सर, मेलेल्यांचं काय करायचं?"

"सुरुवातीचे मरणारे धरायचे नसतात," ते म्हणाले होते. "आणताना धक्का बसतो त्यांना. प्रयोग निरोगी माशांवर केला असं लिही."

ते खरं असू शकत होतं. पण तसं होतं का, हे बघायचा एक सोपा मार्ग होता. नेहमीच्या पाण्यात ठेवलेल्या माशांपैकी किती मेले ते बघायचं. मृत्युंजयनं ते बघितलं होतं. चाळीसपैकी दोन. म्हणजे मासे धक्क्यानं मेले नव्हते, पाण्यानं मेले होते. आणि उरलेल्यांचे कल्ले चाळीस दिवसांत मोठे झाले होते, की मुळात मोठ्या कल्ल्यांचेच तेवढे वाचले होते, हे त्याला सांगता येत नव्हतं. सांगायचं तर आणखी दोन वर्षं काम करावं लागलं असतं. त्यानं मेलेल्यांच्या रकान्यावर आडव्या रेघा मारल्या आणि निबंध लिहिला.

त्यानंतर त्यांनी पुष्कळ काम केलं. जोतिबाच्या डोंगरावर मुरमात स्वतःला पुरून घेऊन उन्हाळा काढणारे बेडूक, भातखाचरांतले खेकडे, डबक्यातल्या चिखलात महिनोन्महिने पडून राहणारे मासे. पाण्याशिवाय, अन्नाशिवाय, हवेशिवाय जीव कसा तग धरतो याचा त्यांनी एकोणतीस वर्षं अभ्यास केला. आणि त्या सगळ्या वर्षांत एकाही प्रयोगात मेलेला जीव मोजायचा सोडला नाही. नव्या विद्यार्थ्याला ते पहिल्या दिवशी वहीत एक रकाना आखायला लावत. "हा मेलेल्यांचा. हा रिकामा ठेवायचा असेल तर कारण लिहायचं," असं सांगत. विद्यार्थी बाहेर सांगत की हत्तरगी सर फार कडक आहेत. ते ऐकलं की मृत्युंजय मान खाली घालत आणि लोकांना तो विनय वाटे.

निबंध तेवढ्यावर राहिला असता तर कदाचित त्यांनी तो पचवलाही असता. पण दोन हजार नऊ साली शिरगुंड्याचं प्रकरण झालं.

शिरगुंडे हे शहरापासून दहा-बारा कोसांवरचं गाव. गावाच्या ओढ्यावर भोई समाजाची अकरा घरं जगत होती. मृत्युंजयचे सगळे मासे त्याच ओढ्यातून यायचे आणि ते आणून देणारा कृष्णात त्याच अकरा घरांतला. मृत्युंजयपेक्षा दोन वर्षांनी लहान, चौथीपर्यंत शिकलेला. सायकलच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून तो पहाटे निघायचा आणि प्रयोगशाळा उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसायचा. कुठला मासा कुठल्या महिन्यात कुठल्या दगडाखाली सापडतो हे मृत्युंजयना त्यानंच शिकवलं होतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला पुढं एक कारखाना आला. पाणी काळं पडू लागलं आणि एका उन्हाळ्यात तीन दिवस ओढ्यावर मेलेल्या माशांचा थर तरंगत होता. अकरा घरांनी तक्रार केली. चौकशीला समिती बसली.

कारखान्याच्या वकिलानं समितीपुढं मृत्युंजयचा निबंध ठेवला. याच ओढ्यातल्या माशांवर केलेलं काम, परदेशात मान्यता पावलेलं. समितीनं मृत्युंजयना तज्ज्ञ म्हणून बोलावलं. कृष्णात आणि गावची सात-आठ माणसं भिंतीला लागून बाकावर बसली होती. मृत्युंजय आत आले तेव्हा कृष्णात उठून उभा राहिला होता.

"डॉक्टर, पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर या जातीचे मासे जुळवून घेतात, असा आपला निष्कर्ष आहे?" वकिलानं विचारलं.

"होय."

"तो आपल्याला आजही मान्य आहे?"

त्या वेळी बोलता आलं असतं. सत्तर टक्के मासे मेल्यावर जे उरले त्यांच्याबद्दल मी लिहिलं होतं, एवढं एकच वाक्य. पण ते वाक्य बोललं की निबंध गेला, निबंधावर मिळालेली जागा गेली, पाठ्यपुस्तकातला आलेख गेला. मृत्युंजय एकोणपन्नास वर्षांचे होते. विभागप्रमुख होऊन त्यांना आठच महिने झाले होते.

"ठरावीक मर्यादेत, होय," ते म्हणाले.

'ठरावीक मर्यादेत' हे शब्द अहवालात आले नाहीत. मासे मरण्याचा संबंध पाण्याशी जोडता येत नाही असं समितीनं लिहिलं आणि प्रकरण मिटलं. त्यानंतर कृष्णात कधी कॉलेजात आला नाही. मृत्युंजयही शिरगुंड्याला गेले नाहीत. मासे दुसरीकडून आणायची सोय केली.

*

निशिगंधानं चार दिवस पाणी उघड्यावर ठेवलं. कॅनमधून मासे आणले. टाक्या बदलल्या, खाद्य बदललं. तीन आठवड्यांनी वर्षाराणीचा फोन आला.

"बेचाळीस गेले, सर," ती म्हणाली. "आता संशोधन समितीसमोर प्रगती दाखवायची तर काय दाखवू? सगळे म्हणतात, मुलीच्या हाताला काम जमत नाही. मलाबी आता तसंच वाटायला लागलंय. तिचे वडील येणारेत उद्या. घरी घेऊन जातो म्हणतात."

"काय म्हणाली ती?"

"काय म्हणणार. म्हणते, सरांनी सांगितलेलं सगळं केलं, तरी जमंना म्हणजे माझ्यातच खोट हाय."

मृत्युंजयनी फोन ठेवला. मग त्यांनी लोखंडी कपाटाच्या खालच्या खणातून एक्क्याण्णवची वही काढली. ती कधीच फाडली किंवा जाळली नव्हती, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रयोगशाळेत गेले. निशिगंधा टाक्या रिकाम्या करत होती, वर्षाराणी संगणकापुढं बसली होती. त्यांना बघून दोघी उठल्या. मृत्युंजयनी वही टेबलावर ठेवली आणि ते पान उघडलं.

"यात मेलेल्यांचा रकाना आहे," ते म्हणाले. "रेघा मारल्यात, पण आकडे वाचता येतात. दोनशेचाळीसपैकी एकशे एकाहत्तर. तुझं काही चुकलेलं नाही, निशिगंधा. माझेही मेले होते. मी ते लिहिलं नाही."

टाकीतून पाणी उपसायची नळी अजून चालूच होती. वर्षाराणीनं पुढं वाकून पान बघितलं. तिनं एका आकड्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, आणि तसं करत खालपर्यंत गेली. तिला बेरीज करून बघायची होती, हे मृत्युंजयच्या लक्षात आलं. तेच शिकवलं होतं त्यांनी तिला.

"सर, तुम्ही बसा. चहा सांगून येते," असं म्हणून ती बाहेर गेली ती लवकर आलीच नाही.

निशिगंधानं नळी बंद केली. ओढणीला हात पुसले. "चौतीस वर्षांचं ऱ्हाऊ दे, सर," ती म्हणाली. "तवा मी नव्हतेच. पण तीन आठवड्यांमागं मी तुमच्या घरी आलते. तुमच्या समोर बसलते. त्या दिवशी का सांगितला न्हाईसा?"

या प्रश्नाची तयारी त्यांनी केली नव्हती. रात्रभर त्यांनी मार्गदर्शकांबद्दल, त्या वेळच्या परिस्थितीबद्दल, कॉलेजातल्या जागेबद्दल काय सांगायचं ते मनात जुळवलं होतं. त्यातलं इथं काहीच कामाचं नव्हतं.

"लाज वाटली," ते म्हणाले.

"आणि क्लोरीनचं सांगताना न्हाय वाटली?"

"वाटली. तरी सांगितलं."

तिनं वही स्वतःकडं ओढली आणि उभ्या उभ्याच ती पानं मोबाइलवर टिपू लागली. "नेहमीच्या पाण्यातले किती मेले हे कुठं लिहिलंय?" तिनं विचारलं. त्यांनी पान काढून दिलं. चाळीसपैकी दोन. तिनं तेही टिपलं. आता तिच्या आवाजात राग नव्हता. ती कामाला लागली होती, आणि कामात तिला त्यांची गरज फक्त पानं दाखवण्यापुरती होती.

दुपारी तिचे वडील आले. सुताचे बारीक तंतू चिकटलेला शर्ट घातलेला गृहस्थ दारातच उभा राहिला. मृत्युंजय त्याच्यापाशी गेले, हात जोडले आणि म्हणाले, "तुमच्या मुलीचं काम बरोबर आहे. चूक माझी होती." त्याला त्यातलं काही कळलं नाही. एवढा मोठा माणूस आपल्यापुढं हात जोडतोय म्हणून तो अवघडला आणि म्हणाला, "असूं दे की सर. पोरगी शिकती न्हवं, मग झालं."

वर्षाराणी मृत्युंजयना सोडायला गेटपर्यंत आली. गेटपाशी ती म्हणाली, "मी माझ्या पोरांना पहिल्या दिवशी तुमचीच गोष्ट सांगते, सर. रकान्याची." एवढं बोलून तिनं मान वळवली. "आता काय सांगू ते मला बघावं लागेल."

त्या आठवड्यात मृत्युंजयनी नियतकालिकाला पत्र लिहिलं. निबंध मागं घ्यावा, कारणं पुढीलप्रमाणे. पत्र दीड पानाचं झालं. सुमंगलांना त्यांनी ते मराठीत वाचून दाखवलं. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "अव्वा असत्या तर त्यांनाही वाचून दाखवलं असतंत का?" मृत्युंजयनी पत्राची घडी घातली. सुमंगलांनी मग विचारलं, "शिरगुंड्याला कधी जाताय?"

*

गाव ओळखू येत नव्हतं. ओढ्यावर पूल झाला होता. पुलाखालून करडा फेस वाहत होता आणि काठाकाठानं नव्या बंगल्यांचे प्लॉट पाडलेले होते. कृष्णातचं घर मात्र जिथं होतं तिथंच होतं. तो दारात बसून खाकी शर्टाला बटण लावत होता. हल्ली तो हमरस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात राखणदार होता आणि संध्याकाळी त्याला कामावर जायचं होतं.

त्यानं मान वर करून बघितलं. सोळा वर्षांनी भेटत होते, तरी त्याला ओळखायला वेळ लागला नाही.

"या की, डाक्टर," तो म्हणाला. मग आत आवाज दिला, "पावणं आल्यात गं, चा टाक." नाव सांगितलं नाही.

मृत्युंजय कट्ट्यावर बसले. इकडचं तिकडचं काही बोलायचं नाही असं ठरवूनच ते आले होते. त्यांनी एक्क्याण्णवचा प्रयोग सांगायला सुरुवात केली. दोनशेचाळीस मासे, सहा टाक्या. "त्यातले एकशे एकाहत्तर मेले, कृष्णात. मी ते निबंधात लिहिलं नाही. आणि समितीपुढंही बोललो नाही."

कृष्णातनं दात लावून दोरा तोडला.

"किती त्ये मला म्हाईत न्हाय," तो म्हणाला. "पर बादल्या मीच न्हेत हुतो की. मागल्या अंगाला बाभळीखाली खड्डा काडून पुरत हुतो. तुमीच सांगितलंतं, कुत्री उकरून काडतील, खोल पुर म्हणून."

हे मृत्युंजयच्या ध्यानातच नव्हतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ही गोष्ट आपण आणि आपले वारलेले मार्गदर्शक, एवढ्या दोघांनाच ठाऊक आहे. बादल्या उचलणारा माणूस त्यांनी त्यात धरलाच नव्हता.

"मग तू तिथं बोलला का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"मला कोन इचारलंतं?" कृष्णात म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, एखादी गोष्ट समजावून सांगावी तसा तो बोलत होता. "आनि तुमी हुतासा की थितं. मी आमच्या लोकास्नी सांगून ठेवलंतं, भिऊ नगासा, डाक्टरनी सोताच्या डोळ्यानं मासं मरताना बघितल्यात. त्येनीच मला पुराय लावल्यात. त्ये बोलतील. म्हणून तर सगळी कामधंदा सोडून आल्ती. न्हाईतर कोन येतंय."

आतून त्याची बायको चहा घेऊन आली. दोघांच्या मध्ये कप ठेवून, पदर सावरून ती परत गेली. मृत्युंजयनी कप उचलला आणि न पिताच पुन्हा खाली ठेवला.

"नंतर लोक काय म्हणाले तुला?"

"म्हनायचं ती म्हनली. तुजा डाक्टर कारखान्याचा निघाला, आनि तूबी त्येचाच. वरीसभर कोन माज्याशी धड बोलत न्हवतं. भावाच्या लगनात मला पंगतीत शेवटी बसवलंतं." त्यानं सुई डबीत ठेवली. "मग ज्यो त्यो कुटं कुटं कामाला लागला. वढाच मेला म्हटल्यावर भांडायचं कशापाय. चा घ्या, निवतोय."

मृत्युंजयनी खिशातून पत्राची प्रत काढली आणि त्यात काय लिहिलंय ते सांगितलं. निबंध मागं घेतोय. मेलेल्या माशांचे आकडे दिलेत. समितीसमोर अपुरं सांगितलं हेही लिहिलंय आणि त्याची एक प्रत सरकारकडं पाठवतोय. "यात तुझं नाव घालायचंय, कृष्णात. मासे तू आणलेस, तू बघितलंस. साक्षीदार म्हणून."

कृष्णातनं कागद हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि घडी घालून परत दिला.

"माजं नाव नगं," तो म्हणाला. "मी पुरायचं काम केलं, दडवायचं न्हाय. त्ये तुमचं तुमी निस्तरा."

त्यानं शर्ट अंगात घातला, बटणं लावली. चहा संपेपर्यंत तो थांबला. मग दोघं बाहेर पडले. मृत्युंजयनी आपली स्कूटर दूध संस्थेसमोर लावली होती. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती. किटल्या घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या आणि बाजूच्या कट्ट्यावर चार-पाच म्हातारे बसले होते. त्यातल्या दोघांचे चेहरे मृत्युंजयनी समितीच्या त्या बाकावर बघितले होते. त्यांना मात्र मृत्युंजय ओळखू आले नाहीत. केस गेले होते, चष्मा जाड झाला होता.

"किस्ना, कोण पावणं?" एकानं विचारलं.

कृष्णातनं मृत्युंजयकडं बघितलं नाही. "प्लाट बघाय आल्तं," तो म्हणाला. "पसंत न्हाय पडला."

"महाग करून ठिवल्यात," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा रांगेकडं बघू लागला.

"जावा आता," कृष्णात हळू आवाजात म्हणाला. "उजेड हाय तवर रस्ता गाटा." तो वळला आणि हमरस्त्याच्या दिशेनं चालू लागला. एक पाय थोडा ओढत होता. मृत्युंजयनी त्याला मागं बसवून सोडतो म्हणून हाक मारली. त्यानं मागं न बघताच नको म्हणून हात हलवला.

मृत्युंजयनी स्कूटर सुरू केली. संस्थेच्या भिंतीपर्यंत ते गेले असतील. तिथं त्यांनी ब्रेक दाबला. दोन बायका किटल्या सावरत बाजूनं निघून गेल्या. त्यांनी इंजिन बंद केलं, स्कूटर स्टँडवर लावली आणि कट्ट्याकडं परत चालत आले.

त्यांना आलेलं बघून तो मघाचा म्हातारा थोडा सरकला. मांडीवरची काठी त्यानं पलीकडं ठेवली, खांद्यावरच्या टॉवेलनं कट्ट्यावरची धूळ झटकली आणि म्हणाला, "बसा की, पावणं. काय इसरलं व्हय?"

मृत्युंजय बसले नाहीत. त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि दोन्ही हातांत धरून ते त्या माणसांसमोर उभे राहिले.

"मी डॉक्टर हत्तरगी," ते म्हणाले.